दिसतंय तेवढंच काढ

वही डोक्यावर आडवी ठेवलेली आहे. वहीच्या कडेपासून कागदाची पट्टी सरळ खाली सोडलेली, गालाला जेमतेम लागत हनुवटीपर्यंत आलेली. पट्टी धरणारी मुलगी बाकावर गुडघे टेकून उभी आहे आणि जिचं डोकं मोजलं जातंय ती हसू दाबून दाबून लाल झाली आहे.

"हलू नको ना गं. वाकडं कापलं जाईल."

हनुवटीच्या रेषेत नखाने खूण होते, कात्री चालते. आता पट्टीची लांबी म्हणजे चेहऱ्याची लांबी. पट्टी मधोमध दुमडली जाते, घडीवरून नख फिरतं, पट्टी उलगडते आणि पुन्हा चेहऱ्याशेजारी धरली जाते. घडी कुठे येते ते बघायला आजूबाजूच्या चार माना एकदम पुढे होतात.

"डोळ्यांजवळ आली!"

"काहीतरीच. दाखव."

"ये ना इकडे, बघ की स्वतः."

नालासोपारा पश्चिमेला, सोपारा गावाच्या अंगाला असलेल्या एका प्राथमिक शाळेतला हा चौथीचा वर्ग. शनिवारची सकाळची शाळा आहे, दप्तरं घरी आहेत. परिपत्रकांमध्ये याला 'आनंददायी शनिवार' म्हणतात. मी मागच्या बाकावर, खिडकीशी अंग चोरून बसलो आहे. फळ्यावर बाईंनी 'गणित', 'परिसर अभ्यास' आणि 'भाषा' असे तीन विषय एकाखाली एक लिहिलेत. शेजारी मोठ्या अक्षरात आजचा धडा आहे: 'शेजारी'. म्हणजे बाकावर जो शेजारी बसलाय तो. आज पाठ्यपुस्तक तेवढंच.

भिंतीवर सुतळीला चिमट्यांनी टांगलेली चित्रं आहेत. शाळा भरल्या भरल्या मुलांनी शेजाऱ्याकडे न बघताच काढलेले हे चेहरे. सगळ्यांत एक गोष्ट सारखी: डोळे पार वर, केसांना चिकटलेले, कपाळ जवळजवळ नाहीच, आणि नाकातोंडाखाली अर्धा कागदभर गाल. मुलंच काय, जी कधी चित्रकला शिकलेली नाहीत अशी मोठी माणसंही चेहरा असाच काढतात. आपलं सगळं लक्ष डोळे, नाक, तोंड यांच्यावर. कपाळ आणि टाळू हिशेबातच नसतात. मग हात डोळ्यांना वर ढकलत नेतो.

बाई त्या चित्रांकडे बोट करून म्हणतात, "हे आपल्याला माहीत होतं ते. आता दिसतंय ते काढायचं. जेवढं दिसतंय तेवढंच."

पण घडी सगळ्यांची डोळ्यांवर येत नाहीये. तिसऱ्या बाकावरच्या मुलाची पट्टी बरोबर दुमडलेली आहे, तरी घडी भुवईपाशी अडली आहे. तो पट्टी फेकून देण्याच्या बेतात आहे. बाई त्याची पट्टी घेतात, पुन्हा धरतात. उत्तर तेच.

"तुझं चुकलं नाही रे. माझं मोजा बघू."

वर्गात गलका होतो. बाई खुर्चीवर बसतात, डोक्यावर वही ठेवून घेतात. दोन मुली मिळून त्यांचा चेहरा मोजतात. एरवी ज्या चेहऱ्याला घाबरायचं त्याला पट्टी लावताना दोघींचे हात जरा जपूनच चालतात. बाईंची घडी नेमकी डोळ्यांवर पडते. मुलांच्या बहुतेक घड्या डोळ्यांच्या किंचित वर आहेत.

"असं का?"

तर्कांचा पाऊस पडतो. बाई मोठ्या आहेत म्हणून. बाईंचं कपाळ मोठं आहे म्हणून. एक मुलगा म्हणतो, बाई चष्मा लावतात म्हणून. बाई कुणालाच चूक म्हणत नाहीत. फक्त विचारतात, घरी तान्हं बाळ कुणाकडे आहे? चारपाच हात वर होतात. बाळाचे डोळे कुठे असतात, आठवा. एक मुलगी स्वतःच्या चेहऱ्यावर हात ठेवून दाखवते: "खाली. खूप खाली. वरती नुसतं डोकंच."

आता उलगडा होतो. माणसाची कवटी लवकर मोठी होते, जबडा आणि चेहऱ्याचा खालचा भाग सावकाश वाढत राहतो. दुधाचे दात पडतात, त्यांच्याहून मोठे दात येतात, त्यांना जागा लागते, जबडा लांबतो आणि डोळे हळूहळू चेहऱ्याच्या मध्यावर येतात. अर्ध्या वर्गाचे काही ना काही दात या घडीला पडलेलेच आहेत, त्यामुळे पुराव्यासाठी लांब जावं लागत नाही. घरच्या अभ्यासात बाळ, आई आणि आजी अशी तीन माणसं मोजायची आहेत. बाळ झोपलेलं असताना मोजा, ही सूचना बाई दोनदा देतात.

फळ्यावर तक्ता भरू लागतो. एकोणीस सेंटीमीटर. साडेएकोणीस. अठरा. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत नऊ, सव्वानऊ, साडेआठ. 'साडेएकोणीसचा अर्धा किती?' हा प्रश्न पुस्तकात आला असता तर निम्म्या माना खाली गेल्या असत्या. इथे तो शेजारणीच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे, म्हणून ओरडून उत्तरं येतात, चुकतात, पट्टी पुन्हा दुमडली जाते, उत्तर सुधारतं. मग डोळ्याची रुंदी. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंदाजे पाच डोळे मावतात, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये अजून एक डोळा बसेल एवढी जागा असते, हे मुलं आधी मानत नाहीत, मग मोजतात, मग मानतात. एक पठ्ठ्या मात्र शेवटपर्यंत साडेचारच सांगतो. बाई त्याचे साडेचार तक्त्यात लिहून घेतात.

मधल्या सुट्टीत मी विचारतो, याला वेळ कुठून काढता? प्राथमिकला चित्रकलेचे वेगळे शिक्षक नसतात. एकच बाई सकाळपासून सगळे विषय शिकवतात. "तेच तर बरं आहे," बाई डबा उघडत म्हणतात, "मला कुणाचा तास मागावा लागत नाही. सगळे तास माझेच." राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने कलेला बाकीच्या विषयांत मिसळायला सांगितलंय, प्रशिक्षणंही होतात. पण नियतकालिक मूल्यांकनाच्या चाचण्या डोक्यावर असतात, त्यांचं काय? बाई पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणतात, "चाचणीत चेहरा येत नाही, अपूर्णांक येतो. तो यांना आता येतो. घ्या, सुकेळी घ्या, एका मुलाच्या आजीने पाठवलीत."

सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली गोड केळी. ज्या घरातून ती आली तिथे अजून वाडी आहे. वर्गातल्या बाकीच्यांची घरं चाळींत, इमारतींत. कुणाचे आईवडील जौनपूरहून आलेत, कुणाचे रत्नागिरीहून, कुणाचे जव्हारकडून बांधकामावर. एका बाकावर कोळीवाड्यातली मुलगी आणि तिच्या शेजारी घरी भोजपुरी बोलणारा मुलगा. दोघांनी एकमेकांना नीट बघावं, हा धड्याचा एक भाग आहे आणि सगळ्यात अवघडही तोच आहे.

सुट्टीनंतर ते लगेच दिसून येतं.

"टीचर, इसका नाक पकोडे जैसा है."

हशा पिकतो. ज्याच्या नाकाबद्दल बोललं गेलं तो मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागतो. बाई आवाज चढवत नाहीत. जवळ येऊन एवढंच म्हणतात, "नाकाचं माप सांग. नावं ठेवायला नाक कशाला लागतं?" बोलणाऱ्याला पट्टी घ्यावी लागते. नाकपुड्यांची रुंदी साडेतीन सेंटीमीटर. मग त्याने स्वतःचं नाक मोजून घ्यायचं. साडेतीन. हशा पुन्हा पिकतो, पण आता दुसऱ्या दिशेने, आणि खिडकीकडे बघणारा मान वळवून परत वर्गात येतो.

रंगांचीही तीच गत. खडूंच्या पेटीतला फिकट गुलाबी खडू बहुतेक मुलं 'अंगाचा रंग' म्हणून उचलतात. बाईंनी आज तो पेटीतून काढूनच ठेवलाय. प्रत्येक बाकावर प्लास्टिकच्या झाकणात तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा असे चारच रंग आहेत आणि औषधाचा ड्रॉपर. स्वतःच्या मनगटाशी जुळेल असा रंग तयार करायचा, आणि किती थेंब घातले ते लिहायचं. तांबडा आणि पिवळा एकत्र केला की नारिंगी होतो, निळ्याचा एक थेंब पडला की तो तपकिरीकडे झुकतो, दोन पडले तर मातकट हिरवा होऊन सगळं बिघडतं. दोन वेण्यांची एक मुलगी तिसऱ्यांदा नव्याने सुरुवात करते. तिच्या वहीत खोडून खोडून लिहिलेलं आहे: पिवळा 4, तांबडा 3, निळा 1, पांढरा 1. ती बोटाने रंगाचा ठिपका मनगटावर लावते आणि हात उजेडात फिरवते. ठिपका दिसत नाही. तो तिच्या कातडीत मिसळून गेलाय.

"जमलं, बाई! हरवला!"

शेजारच्या बाकावरच्या मुलाला तोच रंग हवा आहे, पण दुप्पट. आठ, सहा, दोन, दोन, ती न लिहिता सांगते. प्रमाण हा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही.

मग खिडकी. जोड्याजोड्यांनी मुलं खिडकीशी येतात. एकाने डोळे तळहातांनी झाकायचे, वीसपर्यंत मोजायचं आणि हात एकदम काढायचे. दुसऱ्याने त्याच्या डोळ्यातल्या बाहुलीकडे बघत राहायचं. हात निघतात आणि काळी मोठी बाहुली बघता बघता आक्रसते. "अरे, छोटी झाली! परत कर, परत कर." उजेड जास्त आला की डोळा आपलं भोक लहान करतो, हे वाक्य एकदा ऐकलं की विसरायला होतं. आता प्रत्येकाच्या कागदावर शेजाऱ्याचे दोन डोळे आहेत: अंधारातला आणि उजेडातला.

उजेडाचाच पुढचा भाग मोबाईलवर आहे. बाई सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं चित्र दाखवतात: हातात समई धरलेली, ज्योत हाताच्या आडोशाला घेतलेली मुलगी. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते प्रसिद्ध आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. हळदणकरांनी ते जलरंगात केलंय आणि त्यासाठी त्यांची मुलगीच समई घेऊन उभी राहिली होती. "ज्योत कुठे आहे?" दिसत नाही, हाताआड आहे. "मग आहे हे कशावरून?" बोटं लाल झालीत. हनुवटी उजळलीय. मागे सावली आहे. पुरावे येत राहतात. एक मुलगा मोबाईलची बॅटरी तळहाताखाली धरतो, त्याचीही बोटं लालबुंद दिसतात, आणि वर्गाला क्षणभर दुसरं काही सुचत नाही.

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाचा कागद मात्र वेगळाच निघालाय. त्याने शेजाऱ्याचं चित्र वारली पद्धतीने काढलंय: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. डोळे नाहीत, नाक नाही. बाकीची मुलं बाईंकडे बघतात. आता याला बोलणी बसणार.

बाई कागद उचलून फळ्याला लावतात. पालघर जिल्ह्याला हे चित्र परकं नाही. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या भिंतीवरची ही कला कागदावर आणि देशाबाहेर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांतल्या माणसाला चेहराच नसतो. "मग हा कोण आहे ते ओळखा." मुलं न्याहाळतात. एक पाय दुमडलेला, एक हात मानेमागे. वर्गभर एकच नाव ओरडलं जातं: तो मुलगा खरोखर तसाच बसतो, आत्ताही तसाच बसलाय. चेहऱ्याविना ओळख पटली. चित्र काढणारा मान खाली घालून हसतो. बाई म्हणतात, याने तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त नीट बघितलंय. त्रिकोण किती, वर्तुळ किती, हे मोजायचं काम त्याच्या शेजाऱ्याला मिळतं.

भाषेसाठी पाच वाक्यं आहेत. शेजाऱ्याबद्दल लिहायचं, पण 'छान', 'सुंदर', 'चांगला' हे शब्द वापरायचे नाहीत. आधी सगळ्यांचा हात अडतो; निबंधाची सवय लागलेली पेन्सिल पहिल्याच वाक्यात 'माझा मित्र खूप चांगला आहे' लिहून मोकळी होते आणि मग खोडरबर शोधते. हळूहळू वाक्यं येऊ लागतात. 'तिच्या डाव्या भुवईत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत.' 'तो हसला की आधी एकच गाल हसतो.' 'तिच्या कानातलं एक बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला काडी आहे.' कोळीवाड्यातल्या मुलीच्या कागदावर तिच्या भोजपुरी शेजाऱ्याबद्दल असं आलंय: 'त्याला मराठी येतं पण तो आधी मनात बोलून बघतो, तेव्हा त्याचे ओठ हलतात.' हे वाक्य बाई मोठ्याने वाचत नाहीत. मुलीला विचारून त्या मुलाला वाचायला देतात. तो वाचतो. त्याचे ओठ हलतात.

आता उन्हं वर चढलीत, आणि बाई शेवटचा कागद काढतात. त्यावर एका नाण्याचं मोठं केलेलं चित्र आहे. "हा आपल्या गावातला माणूस नाही, पण आपल्या गावात सापडला."

हे नाणं ज्या स्तूपात सापडलं तो शाळेपासून फार लांब नाही. बुरूड राजाचा कोट म्हणून लोक ज्याला ओळखत होते ते टेकाड 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरलं. आत दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्यात चांदीचा, आणि असं एकात एक करत आत स्फटिकाचा आणि सोन्याचा. भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, सोन्याची फुलं, आणि चांदीचं एक नाणं: सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. नाण्यावर राजाचा चेहरा आहे, एका बाजूने दिसणारा. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपारा तेव्हा बंदर होतं, शूर्पारक. इथला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जायचा.

"काय दिसतं?" एवढाच प्रश्न. राजा कुठला, गादीवर केव्हा आला, हे नंतर. डोळा एकच दिसतो. नाक लांब. कानात काहीतरी आहे. भोवती अक्षरं आहेत. केस आहेत की टोपी, यावर भांडण जुंपतं. 'तो शूर होता' असं कुणीतरी म्हणतं. बाई विचारतात, कुठे दिसलं? उत्तर येत नाही, ते वाक्य फळ्यावरून पुसलं जातं.

"पण बाई, तो खरंच असा दिसायचा का?"

बाई जोगळटेंभीची गोष्ट सांगतात. नाशिक जिल्ह्यातल्या या गावात 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची. सगळ्यांवर चेहरा नहपानाचाच, पण ते चेहरे एकमेकांशी इतके कमी जुळतात की हा एकच माणूस का, असा प्रश्न अभ्यासकांनाही पडला. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाचं राज्य जिंकल्यावर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली आहेत.

"चेहऱ्यावरच शिक्का मारला?"

"चेहऱ्यावरच."

हे मुलांना भयंकर आवडतं. राज्य जिंकणं म्हणजे काय, ते त्यांना एका फटक्यात कळलेलं आहे. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे, म्हणून बाई आणखी एक दुवा जोडतात. महाराजांचं म्हणून एके काळी जे चित्र छापलं जायचं ते दुसऱ्याच कुणाचं, इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं, वा. सी. बेंद्र्यांनी शोध घेऊन 1933 मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. वर्ग भिंतीवरच्या तसबिरींकडे बघतो. जयंतीला हार घालून नमस्कार करायच्या त्या तसबिरी मुलं पहिल्यांदाच अशी निरखून बघताहेत. फोटो कुठला, चित्र कुठलं? बाबासाहेबांचा फोटो आहे. महाराजांचं चित्र आहे. तेव्हा कॅमेरा नव्हता. मग चित्रकाराने त्यांना बघितलं होतं का?

साडेचार डोळेवाला मुलगा इतका वेळ गप्प होता. तो हात वर करतो.

"बाई, वसईच्या किल्ल्यात चिमाजी आप्पांचा पुतळा आहे ना. आम्ही गेलो होतो."

"हो. 1739. वसई त्यांनीच घेतली."

"पुतळा करणाऱ्याने त्यांना बघितलं नव्हतं."

"नसणार."

"मग त्याला चेहरा कुठून मिळाला?"

बाई उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि थांबतात. मग खडू उचलतात. तिन्ही विषयांच्या खाली जागा आहे. तिथे तो प्रश्न मुलाच्याच शब्दांत लिहिला जातो. सोमवारी याचं उत्तर शोधायचं. पण आधी, कुणाकुणाला विचारता येईल, त्याची यादी करा.

मुलं पाठकोऱ्या कागदांवर तुटून पडतात. संग्रहालयातले साहेब. किल्ल्यातला राखणदार. इतिहासाचं पुस्तक लिहिणारे. आजोबा. मोबाईल. गणपती घडवणारे काका, कारण त्यांनीही गणपतीला बघितलेलं नाही. या नावावर वर्ग हसतो, बाई हसत नाहीत; त्या काकांचा कारखाना कुठे आहे आणि सोमवारी ते भेटतील का, ते विचारून घेतात.